डाव्या हाताने लावलेले बटण

"बटण तुटलं," असे सांगून त्याने एक तपकिरी बटण कापणीच्या टेबलावर ठेवले. फिल्म गुंडाळण्याच्या यंत्राच्या दांड्यात कोट अडकला, असा खुलासाही केला — कोणी विचारलेला नसताना.

तिने कोट हातात घेतला, बटणाच्या जागी उरलेल्या धाग्यावरून अंगठा फिरवला, क्षणभर थांबली… आणि सुईत दोरा ओवला. बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या तळमजल्यावर तिचे शिलाईचे दुकान होते. वर, यंत्राच्या खोलीत, जुन्या चित्रपटांची रिळे धूळ खात पडली होती. ती तपासून घेऊन जाण्यासाठी चित्रपट संग्रहालयाचा हा तरुण तपासनीस याच आठवड्यात आला होता. जिन्यावरची त्याची ये-जा तिला दिसत असे; बोलणे मात्र आज, या बटणामुळे झाले.

"तुम्ही डावखुऱ्या आहात," तो म्हणाला.

"नजर शाबूत आहे तुमची."

"तक्रार नाही हो. छान दिसतं… म्हणजे, टाका छान दिसतो."

ती हसली. ही काही आपल्या एकटीची मिरास नाही, असे तिने त्याला सांगितले. वर जो प्रसिद्ध कृष्णधवल चित्रपट पडला आहे, त्याची नायिकादेखील डावखुरी. नायक सदरा अंगात घालून उभा असतो आणि ती त्याच्या छातीपाशी वाकून डाव्या हाताने बटण लावते — साऱ्या गावाला तो प्रसंग पाठ होता.

त्याने कपाळाला आठी घातली. "तो चित्रपट मी दोन वेगळ्या शहरांतल्या प्रतींत पाहिलाय. ती उजव्या हातानं लावते."

तिची सुई कापडातच थांबली.

ती लहान असताना, डाव्या हाताने लिहिते म्हणून शाळेतल्या बाईंनी तिचा तो हात रुमालाने बाकाला बांधला होता. त्यानंतर तिने शाळेचे नावच टाकले. समजावून, रागावून, खाऊ देऊन — काही केल्या ऐकेना. तेव्हा तिच्या बाबांनी, म्हणजे वरच्या यंत्राच्या ऑपरेटरनी, तिला हा चित्रपट दाखवला. पडद्यावर एवढी मोठी, एवढी सुंदर नायिका डाव्या हाताने टाका घालत होती! दुसऱ्या दिवशी मुलगी आपण होऊन शाळेत गेली. पुढे तिने सुई हातात धरली तीही त्या प्रसंगापायीच. तो हात उजवा निघाला, तर तिच्या पायाखालचे जोतेच सरकणार होते.

"पैज," ती म्हणाली. "मी हरले तर तुमच्या कपड्यांची काज-बटणं जन्मभर फुकट."

"जन्मभर?"

त्याने तो शब्द फार सावकाश उच्चारला. तिने दातांनी दोरा तोडला आणि कोट त्याच्या अंगावर जवळजवळ भिरकावलाच. "आणि तुम्ही हरलात, तर कबूल करायचं, की डावा हातच उजवा."

रीळ साफ होऊन यंत्रावर चढेपर्यंत तो रोज काही ना काही निमित्ताने खाली येऊ लागला, आणि येताना एकेक धक्का घेऊन येऊ लागला. तिच्या आवडत्या वादळाच्या प्रसंगातला वारा म्हणजे एक अजस्र पंखा होता. हिमवर्षाव म्हणजे साबणाचा किस. चांदण्यातली भेट भर दुपारी भिंगापुढे काळी काच धरून चित्रित केलेली. आणि ज्या नायकाच्या उंचीवर तिच्या सगळ्या मैत्रिणी भाळल्या होत्या, तो प्रत्येक प्रेमप्रसंगात लाकडी खोक्यावर उभा असे. तिने त्याचे नाव 'रसभंग' ठेवून टाकले.

"रसभंगसाहेब, आता चंद्र भाड्याचा होता म्हणाल."

"छे. बल्ब होता, कागदामागे." मग तो थोडा गंभीर झाला. "सामान सगळं खोटं, मान्य. पण खोक्यावर उभं राहून त्यानं तिच्याकडे जे पाहिलं… ते पाहणं कुठल्या गोदामातून आणलं असेल?"

हे बोलताना तो तिच्याकडेच पाहत होता. त्या संध्याकाळी तिने एका झग्याची बाही उलटी जोडली आणि उसवताना स्वतःवरच चिडली. शनिवारी रिळे घेऊन तो जाणार होता. संग्रहालयाची माणसे एका गावी दुसऱ्यांदा येत नाहीत, हे बाबांनी तिला सहज म्हणून सांगितले होते.

चित्रपट पाहण्याच्या दिवशी बाबांनी वर यायचे नाकारले. गुडघे नको म्हणतात, म्हणाले. या चित्रपटाला ते कधी नाही म्हणालेले तिला आठवत नव्हते.

यंत्र टकटकू लागले. जुन्या फिल्मचा व्हिनेगरसारखा आंबूस वास खोलीत पसरला. दोन खुर्च्या, मध्ये वीतभर अंतर… आणि तो प्रसंग आला. चित्र किंचित धूसर झाले. आवाज अचानक गेला, नुसती घरघर उरली. नायिका वाकली आणि डाव्या हाताने बटण लावू लागली. नायकाचे ओठ हलले, आणि नायिका दचकून वर पाहू लागली.

"सुई टोचते तिला," ती आनंदाने कुजबुजली. "बघा. हात कुठला?"

त्याने यंत्र बंद केले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आवाज कुठे गेला?"

"या प्रसंगाला आवाज नाहीच. तो काय बोलतो यावर गावात वाद आहेत. न्हावी म्हणतो, त्याला भूक लागलेली असते."

"आवाज आहे. मी ऐकलाय."

त्याला दिलासा द्यावा म्हणून ती म्हणाली, की प्रसंगात चूक एकच. त्यांच्या शिंप्याला पुरुषाच्या सदऱ्याची बटणे कोणत्या बाजूला असतात, एवढेही ठाऊक नव्हते. बायकांच्या कपड्यासारखी डाव्या बाजूला लावून ठेवली आहेत.

"परत सांगा," तो म्हणाला. मग न थांबता त्याने रीळ उतरवले आणि दिव्यासमोर धरले.

फिल्मला दोन बाजू असतात: एक चकचकीत, एक मंद. संपूर्ण रिळाची मंद बाजू एकीकडे होती. फक्त हा तुकडा उलटा होता. दोन्ही टोकांना चिकटपट्टीचे बारीक, नेटके जोड होते. तुकडा उलटला की चित्र आरशातल्यासारखे होते — उजव्याचे डावे, डाव्याचे उजवे. फिल्मच्या एका कडेने धावणारी आवाजाची पट्टीही दुसऱ्या कडेला जाते, आणि यंत्राला ती सापडत नाही.

"हे चुकून होत नाही," तो म्हणाला.

या प्रतीला आजवर एकाच माणसाचा हात लागला होता. दोघेही जिना उतरले.

बाबा दुकानामागच्या खोलीत चहा गाळत होते. तिने विचारले तेव्हा त्यांनी गाळणी खाली ठेवली, हात पुसले.

"तू शाळेत जाईनास," ते म्हणाले. "तुझा हात उलटा करणं माझ्याच्यानं झालं नसतं, पोरी. फिल्म उलटी करणं हा हातचा मळ होता."

"आणि आवाज?"

"तिथे घरघर यायची. दर खेळाला तेवढ्यापुरता आवाज बंद करायचो." ते गालातल्या गालात हसले. "लोक म्हणायचे, काय ती शांतता, काय तो दिग्दर्शक!"

ती मटकन स्टुलावर बसली. ती नायिका तिच्यासारखी नव्हतीच. जगात दुसरी कोणी डावखुरी तिची पाठीराखी नव्हती. होते ते फक्त बाबा, एका छोट्या खोलीत कात्री घेऊन बसलेले. तिला रडू आले आणि ते कशाचे, हे तिला ठरवता येईना. तपासनीस दारातच उभा होता. या प्रसंगी तरी त्याने काही रसभंग केला नाही.

"तो काय बोलतो?" तिने शेवटी त्याला विचारले.

त्याचे कान लाल झाले. "सांगता येणार नाही… म्हणजे, ऐकवता येईल."

शुक्रवारी दुपारी त्याने तो तुकडा सोडवला, सुलटा करून जोडला आणि यंत्र सुरू केले. नायिका आता उजव्या हाताने टाका घालत होती, स्वच्छ, ठळक आणि परकी. मग तिचा आवाज आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुमचंच बटण सारखं कसं तुटतं हो?"

"तुटत नाही," नायक म्हणाला. "मी तोडतो."

आणि नायिका दचकून वर पाहू लागली. सुई टोचलीच नव्हती.

प्रसंग संपला. त्याने यंत्र थांबवले आणि तो तुकडा पुन्हा सोडवून, पूर्वी होता तसाच, उलटा जोडला. सुलट्या प्रती जगात आहेत, त्यांच्यावरून काम भागेल; ही प्रत अशीच जपावी असे अहवालात लिहीन, म्हणाला. जोड बाबांच्या जोडांइतकाच नेटका झाला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "यंत्रात अडकून धागा तुटला, की त्याचं टोक पिंजतं. तुमच्या कोटाचा धागा सरळ कापलेला होता."

तो जागच्या जागी खिळला. "तुम्हाला… पहिल्याच दिवशी कळलं?"

"शिंपीण आहे मी. म्हटलं, भला माणूस दिसतोय, कशाला लाजवा?"

त्याने खिडकीकडे बोट दाखवले. मग त्याने सांगितले, की या खिडकीतून खाली पडवीत मांडलेले तिचे टेबल दिसते. दोन दिवस तो डाव्या हाताचे टाके पाहत होता. खाली यायला काही कारण सापडेना… आणि फिल्मची कात्री समोरच होती.

"हे चुकून होत नाही," ती म्हणाली.

"नाही होत." त्याने मान खाली घातली. "पैज मात्र कोण हरलं, ते कळेना. त्या प्रतींत उजवा, या प्रतीत डावा."

"म्हणजे दोघंही हरलो. मला जन्मभर काज-बटणं, तुम्हाला कबुली."

"डावा हातच उजवा," तो लगेच म्हणाला. मग हळूच, "पण उद्या शनिवार आहे."

तिने टेबलावरची कात्री उचलली. ती उजव्या हाताची होती. तिच्या डाव्या हातात नीट बसेना. तरी ती त्याच्या छातीपाशी वाकली, स्वतःच लावलेले ते तपकिरी बटण बोटांत धरले आणि एका दमात कापून मुठीत मिटून घेतले.

"बटण तुटलं," ती म्हणाली. "आता असं कसं जाणार?"