धडाचं वजन

डांबरी रस्ता संपून जंगलाचा मातीचा रस्ता जिथे सुरू होतो, तिथे आमची नोंदणी चौकी आहे. एक खोली, मागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये जमिनीलगत बसवलेला लोखंडी काटा. शिकारीच्या हंगामात परवानेवाले आपापलं जनावर घेऊन येतात. मी ते तोलते, दात पाहून वय ठरवते, कानात पितळी बिल्ला ठोकते आणि वहीत नोंद करते. सतरा वर्षं हेच करते आहे. लोक मला काटेबाई म्हणतात. काटेबाईंना कुणी फूल दिलं तरी त्या आधी तोलून घेतील, अशी माझी ख्याती आहे.

काट्यावर काय ठेवलं जातं त्यावरून माणूस कळतो. खाण्यासाठी शिकार करणारे अख्खं हरीण आणतात. पोट साफ केलेलं, गोणपाटात गुंडाळलेलं, खुरांना चिखल. आकडा स्थिर होईपर्यंत ते श्वास रोखून उभे असतात, कारण घरात किती तोंडं आहेत हे त्यांच्या डोक्यात असतं. पलीकडच्या विश्रामगृहाचे पाहुणे फक्त मुंडकं आणतात. धड जंगलातच राहतं. कायद्याला ते चालतं. त्यांच्या परवान्यांच्या फीवर जंगलाचे रखवालदार पोसले जातात, मीही. त्यामुळे मी कधी तोंड वाकडं केलं नाही.

माझा दादा त्या पाहुण्यांचा वाटाड्या होता.

आई-वडील लागोपाठ गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, मी सात. त्यानं मला वाढवलं ते लाकडाच्या वखारीतल्या मजुरीवर आणि दर थंडीत मारलेल्या एका हरणावर. एकच. दुसरं अगदी समोर येऊन उभं राहिलं तरी तो बंदूक उचलायचा नाही. पस्तीस वर्षांनी वखार बंद पडली आणि विश्रामगृहाच्या मॅनेजरनं त्याला बोलावून घेतलं. हिरवा कोट दिला, जीप दिली, बंदूक दिली. शहरातली मोठमोठी माणसं त्याच्याशी हात मिळवायची, त्याला उस्ताद म्हणायची. दादाला ते आवडायचं. त्यानं ते लपवलंही नाही.

मी एकदाच बोलले होते. "दादा, नुसतं मारून टाकून द्यायचं?"

"हरणाला काय फरक पडतो?" तो म्हणाला. "मेल्यावर आपण खाल्लं काय, कुणी शिंगं भिंतीवर टांगली काय. त्याच्या लेखी दोन्ही सारखंच."

हरणाच्या बाजूनं मला याचं उत्तर अजूनही सुचत नाही.

गेल्या हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, तो त्याच्या पहिल्याच पाहुण्यांना घेऊन आला. सभ्य गृहस्थ, सोनेरी काड्यांचा चष्मा, स्वच्छ नखं. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "मी शाकाहारी आहे हो. मला मांस बघवतसुद्धा नाही." दादा हसला. मीही हसले. मग त्यानं मुंडकं दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवलं.

आकडा आला एकशे आठ किलो.

शिंगांसकट मुंडकं दहा-बारा किलोच्या वर जात नाही. मी ते खाली उतरवलं, एकटीनं, सहज. काटा शून्यावर आला. पुन्हा ठेवलं. एकशे आठ. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. "काटा बिघडला वाटतं," मी म्हणाले आणि वजनाचा रकाना मोकळा सोडला.

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला. त्यानं आपल्या पेटीतली वजनं एकेक करून ठेवली. पाच, दहा, वीस, पन्नास. तसूभर फरक नाही. "बाई, हा काटा माझ्यापेक्षा प्रामाणिक आहे," असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

पुढच्या दोन मुंडक्यांचं वजन भरलं सत्त्याण्णव आणि एकशे एकवीस. तोवर मी अख्ख्या हरणांची हजारो वजनं लिहिलेली होती. हे आकडे मला ओळखीचे होते. शिंगांवरून आणि दातांवरून पाहिलं, तर तो नर अख्खा आणला असता तेव्हा जे वजन भरलं असतं, नेमकं तेच.

मी दादाला शेडमध्ये बोलावून दाखवलं. त्यानं लाल आकडे वाचले. मग वाकून त्यानं मुंडक्याच्या पापण्या अंगठ्यानं मिटल्या.

"वहीत काय लिहू?" मी विचारलं.

"दहा लिही."

"काटा तसं म्हणत नाहीये."

"उचलल्यावर तुझ्या हाताला दहाच लागतंय ना? मग दहा लिही. उगाच माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

तिन्ही रकान्यांत मी दहा लिहिलं. त्या दिवसापासून काटा सुधारला. हंगामभरात दादानं आणखी दहा मुंडकी आणली, ती नऊ, दहा, अकरा अशीच भरली. मी निःश्वास टाकला आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला.

हंगाम संपेपर्यंत दादा वाकला.

आधी म्हणाला, पाठ धरली. मी शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. मग तो उठता-बसता कण्हू लागला, तेव्हा मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, उजेडात धरून निरखला. "वयाच्या मानानं पाठ उत्तम आहे," त्या म्हणाल्या. वजन केलं तर एकोणसत्तर किलो, दहा वर्षांपूर्वी होतं तेवढंच. बाहेर पडताना पायरी उतरण्यासाठी त्यानं माझ्या खांद्यावर हात टेकला आणि मी मटकन खाली बसले.

दवाखान्याच्या अंगणात माती ओली होती. माझ्या पावलांच्या नुसत्या खुणा उमटल्या होत्या. त्याची पावलं घोट्याएवढी रुतली होती.

त्याच आठवड्यात त्याच्या खाटेच्या दोन फळ्या मोडल्या. तो जमिनीवर झोपू लागला, तेही पालथा. मॅनेजरला कोट, जीप आणि बंदूक परत करून आला. मॅनेजरनं कारण विचारलं तेव्हा म्हणाला, ओझं होतंय.

एका सकाळी तो स्वयंपाकघरात येत होता, आणि मी त्याच्याकडे बघता बघता हातातली कढई खाली ठेवली. मान पुढे, कणा वाकलेला, कोपरं दुमडलेली, दोन्ही मुठी छातीशी. लहानपणी दारात उभी राहून मी याच आकृतीची वाट पाहायचे. हरीण खांद्यांवर आडवं, पुढचे पाय एका मुठीत, मागचे दुसऱ्या मुठीत.

"दादा," मी म्हणाले, "मूठ सोड."

"सोडली तर घसरेल," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. गॅसवर दूध वर आलं, मी गॅस बंद केला.

"मानेपाशी गरम लागतं," तो म्हणाला. "मारलेलं जनावर घरी आणेपर्यंत थंड व्हायचं. ही होत नाहीत."

"ही म्हणजे?"

"तेरा."

मी सरकारी नोकर आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला काही पटत नाही. रविवारी सकाळी मी चौकीची गाडी काढली आणि शाकाहारी पाहुण्यांनी नर पाडला होता त्या जागी दादाला घेऊन गेले. जंगलात धड टाकलं की पंधरा दिवसांत त्याचा फडशा पडतो, पण खुणा वर्षभर उरतात. फासळ्या, केसांचे पुंजके, जळल्यासारखं गवत. वाटेत कुणीतरी हरणाचं पोट साफ केलेली जागा लागली, तिथेही काळा डाग होता आणि कावळे होते.

दादानं दाखवलेल्या जागी गवत उभं होतं. एक केस नाही, हाड नाही. मुंगीसुद्धा नाही. आणखी दोन जागा पाहिल्या. तिथेही तसंच.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. दादा स्वयंपाकघराच्या दारात थांबला.

"चिमे, टेबल मोकळं कर."

लहानपणी मी चिमणीसारखं खायचे म्हणून त्यानं ठेवलेलं ते नाव. वीस वर्षांत त्याच्या तोंडून आलं नव्हतं. मी डबे उचलले, वर्तमानपत्र उचललं. तो टेबलाकडे पाठ करून उभा राहिला, गुडघ्यांत वाकला आणि मुठी उघडल्या.

टेबलाचे पाय करकरले. मधली फळी खाली झुकली आणि तशीच राहिली. तिच्यावर काहीही नव्हतं.

दादा बोटभर सरळ झाला.

"पाणी तापत ठेव," तो म्हणाला. "आणि मोठी सुरी दे."

सुरी मी माझ्याच हातात ठेवली. त्याची समजूत काढावी म्हणून ती हवेतून खाली आणली. फळीच्या वीतभर वर ती अडली. ते अडणं माझ्या हाताला ठाऊक होतं. आधी कातडं, मग आतलं सैल पातळ आवरण, मग सांधा. हात आपोआप चालू लागले. दादा शेजारी उभा राहून सांगत होता, इथून नको, खालून घे. पातेल्यात मी टाकत होते ते मला दिसत नव्हतं. पाणी मात्र वर चढत गेलं.

दोन ताटं वाढली. रिकामी होती. आम्ही बराच वेळ चावत बसलो.

"चव लागते?" मी विचारलं.

"नाही." त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसण्याचंही त्याला सुचत नव्हतं. "तुला?"

"नाही."

पण सोमवारी दुपारी चौकीवर डबा उघडला तेव्हा मला भूक नव्हती. मंगळवारीही नव्हती. हातांचा वास दोन दिवस गेला नाही.

असे तेरा रविवार गेले. दर रविवारी दादा थोडा सरळ व्हायचा. मधल्या एका रविवारी जेवताना म्हणाला, "हरणाला फरक पडत नाही, हे मी अजूनही म्हणतो हं."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला आणि पुन्हा चावू लागला.

तेराव्या रविवारी आम्ही टेबल धुऊन पुसलं. मी म्हणाले, संपलं एकदाचं. त्याची मान अजून जराशी पुढेच होती. मला वाटलं, सवय असेल.

पुढच्या रविवारी तो आपणहून टेबलापाशी आला. पाठ केली, गुडघ्यांत वाकला, मुठी उघडल्या. या वेळी फार सावकाश, तान्हं मूल निजवावं तसं.

फळी झुकली.

"तेरा झाली होती," मी म्हणाले.

तो पूर्ण ताठ उभा होता. पण चेहरा पडलेला होता.

मी सुरी उचलली. त्यानं माझं मनगट धरलं.

"थांब."

"काय झालं?"

"हे वहीत नाही. हे काट्यावर आलंच नव्हतं." तो खुर्चीत बसला. "गोळी पोटात लागली होती. लंगडत झाडीत शिरलं. रक्त दिसत होतं, माग काढता आला असता. पाहुण्यांना दुपारची गाडी गाठायची होती. मीच म्हणालो, जाऊ द्या साहेब, दुसरं मिळेल."

मी सुरी बाजूला ठेवली आणि हात फळीच्या वर नेला. तळव्याला ऊब लागली.

मग माझा तळवा हळूच वर उचलला गेला.

आणि खाली आला.

आणि पुन्हा वर.

दादानं सुरी घेतली. सोडवायला हवं, म्हणाला. दुसऱ्या हातानं तो गळा चाचपू लागला. गळा सापडेना. जिथे हात लावावा तिथे त्याला पोटच लागत होतं, वर-खाली होणारं. तासभर तो चाचपत होता. मग सुरी धुऊन त्यानं फडताळात ठेवली, आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

याला आता चार महिने झाले. आम्ही जमिनीवर बसून जेवतो. दादा ताठ चालतो, पण घराबाहेर पडत नाही. मी चौकीवरून आले की तो विचारतो, "बघतेस का जरा?" मी तळवा धरते. "चालू आहे," मी सांगते. तो मान हलवतो.

पोटात गोळी लागलेल्या जनावराला तहान फार लागते. मी रोज सकाळी टेबलाच्या कडेला काठोकाठ भरलेला वाडगा ठेवून जाते. संध्याकाळी तो रिकामा असतो. गेल्या आठवड्यापासून दोन लागतात.