संचातलं अठ्ठावन्नावं गाणं

गाणी सत्तावन्न निवडली होती. संचात अठ्ठावन्न निघाली.

गुरुवारी सकाळी गुवाहाटीहून खोकी आली. पाच तबकड्यांचा देखणा संच, वर हेपशन रिंजाहचा पिकल्या दाढीचा फोटो. चाळीस वर्षांत गायलेलं सगळं त्यात होतं: ब्लूज, चर्चमधली भजनं, दुइतारा या तंतुवाद्यावरची खासी गाणी, कलकत्त्याच्या हॉटेलांत म्हटलेली प्रेमगीतं. शनिवारी शिलाँगमध्ये प्रकाशन होतं. हेपनं कौतुकानं शेवटची तबकडी लावली, शेवटपर्यंत ऐकली आणि फिडालियाला फोन केला.

"फिडा, ताबडतोब ये. माझ्या घरात चोरी झालीय."

"काय गेलं?"

"गेलं नाही. आलंय."

फिडालिया डिएंगडोह पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. सारी लायतुमख्रा वस्ती तिला अजून काँग फिडा, म्हणजे फिडाताईच म्हणे. ती आली तेव्हा हेप खुर्चीत ताठ बसला होता.

"हे गाणं मी आयुष्यात एकदाच म्हटलं," तो भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहत म्हणाला. "थ्रिना जायच्या आठवड्यात. तिच्या खोलीत. पुन्हा कुणासमोर म्हणणार नाही असं तिला वचन दिलं होतं. आणि परवा ते दुकानात विकायला जाणार!"

"खोलीत कोण कोण होतं?"

"थ्रिना, मी, गिटारवर वानलाम. आणि पोरगी, बडाहून. चौघंच."

"कुणी रेकॉर्ड करत होतं?"

"कुणीही नाही! कुणीतरी चोरून केलं. कुणीतरी कशाला, वानलामनंच. जुन्या कॅसेटींची पेटी गुवाहाटीला त्यानंच नेली. आत्ताच त्याला फोनवर सांगितलं, तू चोर आहेस, पुन्हा माझी पायरी चढू नकोस."

"चाळीस वर्षांचा जोडीदार तुझा."

"म्हणूनच जास्त लागलं."

फिडानं तबकडीची पाठ वाचली. सर्वांत खाली छापलं होतं: 'मेईचं गाणं'.

"हे नाव तुझं?"

"त्याला नावच नव्हतं."

तिनं संच बनवणाऱ्या ट्रॉस्टारला गुवाहाटीला फोन लावला.

"पेटीतच होती ती कॅसेट, काँग," तो म्हणाला. "वर नाव होतं, तेच छापलं. मला वाटलं हेपदादांनी शेवटी मुद्दाम ठेवलीय. काही घोटाळा आहे का? संध्याकाळपर्यंत कळवा. खोकी दुकानांत जायची थांबवतो."

"आता मला ऐकव," फिडा हेपला म्हणाली.

"ऐकायलाच हवं?"

"हो."

त्यानं तबकडी लावली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

आधी श्वास ऐकू आला. जड, अडखळता, कानाशीच असल्यासारखा. मग लांबून गिटार आणि हेपचा आवाज. लग्नालग्नांतून लोक ज्या गाण्यांवर नाचतात, ती थ्रिनासाठी केलेली नाहीत, असं तो गात होता. कलकत्त्यात एक बाई होती. गाणी तिची. 'तू लाजायचीस आणि मी तुला लाजू द्यायचो,' असं ध्रुवपद होतं.

फिडानं मान खाली घातली. थ्रिना चर्चच्या गायकवृंदाची प्रमुख होती आणि फिडा त्यातच गायची. थ्रिना अंथरुणाला खिळल्यावर दर रविवारी वृंदाचं गाणं छोट्या टेपरेकॉर्डरवर भरून तो तिच्याकडे पाठवत. ती पांघरुणात पडल्यापडल्या ऐकायची आणि कोण कुठं बेसूर झालं ते कळवायची. प्रत्येक लग्नात हेपची प्रेमगीतं सुरू झाली, की लोक तिच्याकडे वळून टाळ्या वाजवायचे.

गाण्याच्या मध्यावर बडाहूनचा आवाज आला, "चहा आणते." दार लागलं. श्वास तसाच, तितकाच जवळ. मग दार पुन्हा उघडलं आणि कपबशा किणकिणल्या. ती किणकिण शेवटपर्यंत थांबलीच नाही. शेवटचा सूर गिटारवर घुमत असतानाच 'खट्' असा आवाज झाला. संपलं.

"यानंतर काय झालं?" फिडानं विचारलं.

"थ्रिना म्हणाली, हे पुन्हा कुणापुढं म्हणायचं नाही. वचन दे."

"ते यात नाही."

"नाही."

"तू कुठं होतास?"

"पलंगाच्या कडेला. तिचा हात दोन्ही हातांत धरून."

फिडानं गाडी काढली आणि मावलाई वस्ती गाठली.

वानलाम खोंगवीर अंगणात गिटारच्या तारा बदलत होता. त्यानं मान वर केली नाही.

"चोराला पकडायला आलात, काँग?"

"विचारायला आले. पेटी तू नेलीस?"

"नेली. सुमोत मांडीवर घेऊन नेली."

"भरली कुणी?"

"बडाहूननं. दोरीसुद्धा तिनंच बांधली. मी उघडून पाहिली नाही. मला सवय आहे, हेपच्या घरातलं काही उघडून न पाहायची."

"म्हणजे?"

तो कडवट हसला. "कलकत्त्याची बाई मला ठाऊक नव्हती असं वाटतं तुम्हाला? थ्रिना विचारायची, वानलाम, इतके दिवस का लागले रे? मी सांगायचो, कार्यक्रम वाढला. तीस वर्षं कार्यक्रम वाढवत होतो मी त्याचे."

"त्या दिवशी गाणं संपलं तेव्हा तुझे हात कुठं होते?"

"कुठं असणार? एक पट्टीवर, एक तारांवर. शेवटचा सूर मी दाबला नाही, मरेपर्यंत घुमू दिला." तो थांबला. "विरेपर्यंत म्हणायचं होतं."

"तुला चोर म्हणाला तो. तू काय म्हणालास?"

"काही नाही. त्याच्यासाठी खोटं बोलता येतं मला. स्वतःसाठी खरं बोलायची सवय राहिली नाही."

फिडा परतली तेव्हा बडाहून वॉर्जरी शाळेतून आली होती. खासी रीतीप्रमाणे आईच्या कुळाचं नाव, आईचं घर, आणि एकुलती लेक म्हणून घराची किल्ली तिच्याच कमरेला. तिनं फिडापुढं बिनदुधाचा लाल चहा ठेवला.

"कॅसेटी तू भरल्यास?"

"हो, काँग."

"ते गाणं त्यात होतं?"

"पेटीत होतं म्हणजे होतं."

"रेकॉर्डिंग तू केलंस?"

"नाही." ती सरळ डोळ्यांत पाहून बोलली.

"चहा घेऊन आलीस तेव्हा किती ऐकलंस?"

"पुरेसं."

"मग आत का आली नाहीस?"

"पलंगावरून मेई माझ्याकडे बघत होती. थांब म्हणाली डोळ्यांनी."

फिडानं कप खाली ठेवला. "तुझ्या बापाला बोलाव."

हेप आला. उभाच राहिला. "वानलामनं कबूल केलं?"

"वानलामनं काही केलेलं नाही. बस."

"मग कोण?"

"ऐक. रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत जवळ काय ऐकू येतं? श्वास. तू नाहीस, गिटार नाही. यंत्र वानलामपाशी असतं तर गिटार पुढं आली असती. बडाहूनपाशी असतं तर ती चहाला गेल्यावर तुझं गाणं दाराआड गेलं असतं. ते हललं नाही. यंत्र थ्रिनाच्या उशापाशी होतं."

"तिथं कुणी लपवून ठेवलं असेल!"

"मलाही आधी तसंच वाटलं. पण मग ते बंद कुणी केलं? शेवटचा सूर अजून घुमतोय आणि बटण दाबलं जातं. त्या क्षणी वानलामचे दोन्ही हात गिटारवर. बडाहूनच्या दोन्ही हातांत कपबशांचा ट्रे, तो तर ऐकूच येतो, पोरगी थरथरत होती. तुझे दोन्ही हात थ्रिनाच्या एका हातावर."

हेप स्वतःच्या हातांकडे बघू लागला.

"तिचा दुसरा हात पांघरुणाखाली होता," फिडा म्हणाली. "आमच्या वृंदाचा टेपरेकॉर्डर तिथंच असायचा. त्या 'खट्'शी माझी ओळख आहे. चोरानं वचनाचं बोलणंही टिपलं असतं. थ्रिनाला ते त्यात नको होतं. तिनं आधी यंत्र बंद केलं आणि मग तुझ्याकडून वचन घेतलं."

"थ्रिनानं?" तो पुटपुटला. "माझ्या थ्रिनानं?"

"कॅसेट मात्र ती कबरीतून पाठवू शकत नव्हती. गाण्याचं नाव वाच. वानलामनं 'थ्रिनाचं गाणं' लिहिलं असतं. तिला मेई, म्हणजे आई, म्हणणारं जगात एकच माणूस आहे."

बडाहून भिंतीला टेकून उभी होती. तिनं नाकारलं नाही.

"दुसऱ्या दिवशी मेईनं माझ्या हातात दिली," ती म्हणाली. "म्हणाली, तुझ्या बापाची गाणी कधीतरी एकत्र निघतील. तेव्हा ही शेवटी लाव."

"तिनं मला वचन मागितलं होतं!"

"तुझ्याकडून मागितलं, पा. तिनं तुला कुठं दिलं होतं?"

"पण मी एवढं सगळं कबूल केलं... तिनं माझा हात धरला होता, बडा."

"धरला होता. एका हातानं."

हेप खुर्चीत बसला. मग त्यानं विचारलं, "मग म्हणू नको असं का सांगितलं?"

"मीही विचारलं. मेई म्हणाली, पुन्हा म्हटलं तर तो ते गोड करेल. शब्द बदलेल, चाल बदलेल, लोक रडतील आणि त्याला आणखी टाळ्या मिळतील. ज्या दिवशी तो खरं बोलला, तेच राहू दे." बडाहून बापाकडे वळली. "प्रत्येक लग्नात ती हसून टाळ्या घ्यायची. तिला कधीपासून माहीत होतं, मला नाही ठाऊक. पण मी लहान असताना तू रेडिओवर लागलास की ती उठून भांडी घासायला जायची."

"मला वाटलं तिनं माफ केलं."

"तसं ती म्हणाली होती?"

फिडानं ट्रॉस्टारचा नंबर लावून फोन हेपपुढं धरला. तो घ्यायला त्याला वेळ लागला.

"हं, मीच. काही घोटाळा नाही," तो ट्रॉस्टारला म्हणाला. "राहू दे आहे तसं. हो, शेवटचंसुद्धा."

फोन ठेवून तो उठला. "फिडा, मला मावलाईला सोड."

वानलाम दारात आला, पण चौकटीतून बाजूला झाला नाही.

"चुकलो, वान," हेप म्हणाला.

"कशात?"

"तुला चोर म्हटलं. ते थ्रिनानं केलं होतं. तिला सगळं माहीत होतं."

वानलामनं चौकट धरली. "सगळं म्हणजे? मी खोटं सांगायचो तेही?"

हेप पायरीकडे बघत राहिला.

"आजारात रोज यायचो मी तिच्याकडे," वानलाम हळूच म्हणाला. "शेवटच्या दिवशी मला म्हणाली, तू भला माणूस आहेस. मी ते खरं धरून बसलो होतो रे. दोन वर्षं. तेवढंच होतं माझ्याजवळ."

आतून त्याची बायको सुपारी आणि चुना लावलेल्या पानांची ताटली घेऊन आली. मावलाईत रस्ता चुकलेल्या परक्यालाही कुणी क्वाय दिल्याशिवाय दारातून परत पाठवत नाही. हेपनं हात पुढं केला.

वानलामनं बायकोच्या हातून ताटली घेतली, क्षणभर ताटलीकडे पाहिलं आणि ती घेऊन तो आत गेला.