उशीवर बसलेली

तो आला तेव्हा वर्गातली सगळी माणसं डोळे मिटून उताणी पडली होती आणि ती एकटीच त्यांच्यामधून अनवाणी फिरत होती.

दारात उभा राहून त्याने दोन्ही हातांतली कागदात गुंडाळलेली काच सांभाळली. आधी पडलेल्या माणसांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि अगदी हळू विचारलं, "सगळे... ठीक आहेत ना?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. पण हसू काही त्या बोटाला जुमानेना.

"फुटलेली खिडकी कुठली ते दाखवा," तो कुजबुजला. "यांच्यावरून उड्या मारत जातो."

"उड्या नकोत. भिंतीच्या कडेनं या."

तो कडेकडेने निघाला, पावलं मोजून-मापून टाकत... आणि ऐन मध्यावर त्याला अशी सणसणीत शिंक आली, की सगळ्या वर्गाने खाडकन डोळे उघडले.

"माफ करा हं," तो ओशाळून म्हणाला. "बाहेर झाडं फुलली, की माझं नाक फुलतं."

चष्म्याच्या दुकानावरची ती लांबट खोली तिच्या मावशीची. दरवर्षी झाडांना कोंब फुटायला लागले, की मावशी तिथे वसंतवर्ग भरवायची. म्हणायची, "थंडीत शरीर आखडून बसतं, ते आता जागं होतं. मन मात्र अंथरुणातच लोळत राहतं. म्हणून या दिवसांत माणूस उगाच चिडतो, उगाच रडतो, झोपूनही दमलेला उठतो." मग सकाळी तळपायांवर ऊन घ्यायचं, कडू काढा प्यायचा, लांब श्वास घ्यायचे, तळवे चोळून त्यांची ऊब छातीपासून वीतभर अंतरावर धरायची. शिकणारे त्या उबेला ऊर्जा म्हणायचे. मावशी नुसतं 'ऊब' म्हणायची. भाची आता मावशीच्या बरोबरीने शिकवत होती.

काच बसवून झाली तरी तो निघेना.

"इथे माणसं झोपायला येतात का?" त्याने विचारलं.

"जागं व्हायला येतात."

"मला झोपच येत नाही. मग माझं काय करता?"

"आधी झोपवू, मग जागं करू."

तो दुसऱ्या दिवशी हजर. काढ्याचा पहिला घोट घेतला आणि त्याचं तोंड असं काही वाकडं झालं, की शेजारच्या आजोबांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

"ताई, यात विष किती आणि पाला किती?" आजोबांनीच विचारलं.

"निम्मं-निम्मं," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे वळली. "तुम्हीही ताई म्हणा. सगळे तसंच म्हणतात."

"म्हणू देत. मला एक बहीण आहे. ती दोघींच्या वाटचं भांडून घेते."

"मग काय म्हणाल?"

"बघू... वर्ग संपेपर्यंत सुचेल काहीतरी."

अशी सुरुवात झाली. तो सगळ्यांच्या आधी यायचा, चटया पसरायला हात लावायचा, आणि चटईच्या या टोकाला तो नि त्या टोकाला ती असली, की चटई उगाचच जरा हळू उलगडायची. तिने डोळे मिटायला सांगितलं, की सगळ्यात शेवटी त्याचे मिटायचे. एकदा त्याच्या छातीसमोर तळवे धरून ती म्हणाली, "इथे काहीतरी अडलंय."

"काय?"

"ते तुम्ही सांगायचं."

"हात तुमचे आहेत. चुगली त्यांनी करावी."

तिने हात मागे घेतले. पण तळव्यांतली ऊब मात्र तिच्यामागे घरापर्यंत आली.

त्यानेच एक दिवस, चटया गुंडाळता गुंडाळता सांगितलं. लग्न ठरलं होतं, त्या मुलीने मोडलं. तिच्यासाठी घराच्या खिडकीला त्याने रंगीत काचा बसवल्या होत्या—एकेक तुकडा स्वतः कापून. "ऊन आलं, की जमिनीवर बाग उमटते," तो म्हणाला. "बागेत राहतो, आणि झोप येत नाही. आहे की नाही गंमत?"

तिला गंमत वाटली नाही. त्या न पाहिलेल्या बागेत त्या दिवसापासून तिच्या मनाला काटे बोचायला लागले.

मावशीच्या नजरेतून काही सुटत नसे. "अगं, वर्ग चालू असताना जीव गुंतवायचा नाही, हे ठाऊक आहे ना?"

"आहे गं."

"कारण?"

"गुंतलेला हात खरं सांगत नाही."

"मग?"

"मग काही नाही. वर्ग संपेपर्यंत मी एक अक्षर बोलणार नाही. देवाजवळ कबूल केलंय."

"आणि संपल्यावर?"

ती लाजून काढा गाळत बसली. नेम करायची तिला लहानपणापासून सवय. पहाटे उठून, तळवे उबदार झाल्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम कधी चुकला नव्हता. हाही पाळू, थोडेच दिवस उरलेत, असं तिने मनाला समजावलं. मन ऐकल्यासारखं करत होतं.

वर्गाचा शेवट उशीने व्हायचा. बाजूच्या छोट्या खोलीत एकेकाने यायचं. समोर एक रिकामी उशी. छातीत जे माणूस अडलंय, ते तिथे बसलंय असं धरून, आजवर न बोललेलं त्याच्याशी बोलायचं. मग शिकवणाऱ्याच्या आवाजाबरोबर तीन लांब श्वास सोडायचे, आणि माणूसही सोडून द्यायचं. उशीजवळ बोललेलं पुन्हा कुणी काढायचं नाही. शिकवणाऱ्यानेही नाही. मावशीचा तो सगळ्यात कडक नियम होता.

तो आत आला. उशीसमोर बसला. डोळे मिटण्याआधी त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बोलू? काहीही?"

"मनातलं. बाकी काहीही नाही."

त्याने डोळे मिटले. मग बोलला. "घरात ऊन आलं, की तू दिसतेस. मला वाटलं होतं, हे आता माझ्या वाट्याला पुन्हा येणार नाही... तुला घरी आणायचंय. रोज सकाळी तू समोर हवीस. पण तुझी इच्छा नसेल, तर आत्ताच सांग. मी ओझं होऊन राहणार नाही."

ऊन... रंगीत काचा... जमिनीवरची बाग. अजूनही तीच, मोडून गेलेली! त्या मुलीला आत्ताच्या आत्ता त्याच्या छातीतून बाहेर काढावं, धुऊन-पुसून टाकावं, म्हणजे उद्या तिथे आपल्याला जागा होईल...

"श्वास घ्या," ती म्हणाली. "आणि तिला सोडा."

त्याच्या पापण्या हलल्या.

"सोडा. पुन्हा. आणखी लांब. काहीही ठेवू नका आत."

तीन श्वास केव्हाच होऊन गेले. ती थांबेना. तिचा आवाज मऊ होता, पण त्या मऊपणात एक घाई होती, आणि ती घाई फक्त तिलाच माहीत होती.

"पूर्ण सोडू?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"पूर्ण. रोज सकाळी उठून करायचं. मनापासून केलंत तर उतरतं."

"तुम्ही म्हणताय, तर करतो."

तो उठला. उशी त्याने स्वतःच उचलली, भिंतीशी नीट टेकवून ठेवली, आणि वाकून नमस्कार करून गेला.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपला आणि तिचा नेम पुरा झाला. तिने फिकट हिरवा कुडता घातला. वर्गातले सगळे निरोप घ्यायला आले, आजोबा तर काढ्याची कृती मागायला आले. तो आला नाही. त्यानंतरही आला नाही. फुलं गळून झाडांवर पालवी दाट व्हायला लागली.

"त्याच्या काचेच्या दुकानात जा की," मावशी म्हणाली. "का काच फुटायची वाट बघतेयस?"

"फोडू का एखादी?"

"तू ना, फोडायला पण मुहूर्त बघशील."

ती गेली.

दुकानात तो एका टेबलावर वाकून काच कापत होता. कटरची बारीक करकर थांबली. त्याने वर पाहिलं आणि मोकळेपणाने हसला. "या ताई, बसा."

ताई. तिने ऐकलं, आणि ती स्टुलावर बसली.

"झोप लागते का आता?" तिने विचारलं.

"मस्त लागते."

"ती... रंगीत काचांची बाग?"

"त्या कधीच काढल्या. बागेचं तुम्हाला सांगितलं, त्याच आठवड्यात. तळपायांवर चांगलं ऊन घ्या म्हणाला होतात ना? रंगीत काचेतून कसं मिळणार? साधी बसवली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग उशीवर... कोण होतं?"

"उशीजवळचं पुन्हा काढायचं नसतं ना?"

"मी काढतेय. सांगा."

त्याने कटर खाली ठेवला. "तुम्ही होतात. दुसरं कोण असणार? समोरासमोर विचारायची हिंमत नव्हती. म्हटलं, उशीला विचारू, उत्तर तुम्ही द्याल. दिलंतही... सोडा म्हणालात. बऱ्याचदा म्हणालात."

"मला वाटलं, ती आहे." तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, तिला काढलं तर... अहो, मी वर्ग संपायची वाट बघत होते. मला तुमच्या घरी यायचं होतं. अजूनही यायचंय."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. त्याने डोळे मिटले, तळवे एकमेकांवर चोळले आणि स्वतःच्या छातीपासून वीतभर अंतरावर धरले—तिने शिकवलं होतं, अगदी तसे. खोटं नाटक नव्हतं ते. तो खरोखर शोधत होता. तिने एवढ्या आर्ततेने आयुष्यात कुणाच्या पापण्यांकडे पाहिलं नव्हतं.

"थांबा हं... बघतो..."

ती थांबली.

"नाही हो," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलेलं दिसलं. "तिथे काही नाही आता. रोज सकाळी करत होतो. आधी फार रडू यायचं. मग एक दिवस उठलो, तर सगळं शांत. तुमचे आभार मानायला यायचं ठरवलं होतं."

"मग आला का नाहीत?"

"राहूनच गेलं. लक्षातच नाही राहिलं."

तिने मान हलवली. त्याला दोष द्यावा, असं त्यात कुठेच काही सापडेना. सांगितलं तसं त्याने मनापासून केलं होतं. इतकं मनापासून तर वर्गात कुणीच केलं नव्हतं.

ती स्टुलावरून उठेना, तसा तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "श्वास घ्या," तो हळुवारपणे म्हणाला. "लांब... आणि आता सोडा. सोडून द्या, बरं वाटेल. मला वाटलं ना."

आवाज त्याचा, पण लय तिची. मधला थांबाही तिचाच. तेवढ्यात दारात एक बाई फुटकी तसबीर घेऊन आल्या, आणि तो "आलोच" म्हणून माप घ्यायला उठला.

ती बाहेर पडली. रस्त्यावर ऊन पसरलं होतं, झाडं नव्या पानांनी भरली होती. आत काही साठवू नये, हे मावशीने तिला शिकवलं होतं आणि तिने कितीतरी जणांना. तिने दोन्ही तळवे छातीशी घट्ट आवळले आणि चालायला लागली.

हे एवढं मी ठेवणार आहे, देवा, ती मनात म्हणाली. मला बरं नाही व्हायचं.