स्वयंपाकघरापर्यंत रेंज

हुडको कॉलनीतल्या ‘मृणाल मोबाइल’समोर राजदीप त्या दिवशी थांबला, तो केवळ बाइकची चेन उतरली म्हणून. हाताचं काळं ऑइल पुसता पुसता त्यानं मान वर केली, तर काउंटरमागे एक मुलगी डोळ्याला भिंग लावून बसलेली... आणि समोर एका फोनचं पोट उघडं. आता थांबलोच आहोत तर विचारून घेऊ, म्हणून त्यानं खिशातला आपला फोन पुढे केला.

फोन साधासुधा नव्हता. मोनालीताईनं अमेरिकेतल्या पहिल्या पगारातून भावासाठी पाठवलेला. पण शहराबाहेर जामूलच्या घरी त्यावर ना फोन लागे, ना येई. शहरातल्या तीन दुकानांनी तो खोलून पाहिला होता आणि तिघांनी तीन वेगवेगळे बिघाड सांगितले होते.

या मुलीनं, मृणालनं, तो खोललाच नाही. मागचा नंबर पाहिला, कॉम्प्युटरवर काहीतरी वाचलं आणि विचारलं, “राहता कुठं?”

“जामूलले. कावून, घरी याचं हाय का?”

“घरी कोणत्या कंपनीची रेंज येते, ते पाहाचं हाय,” ती खाली मान घालूनच म्हणाली. कान मात्र गरम झाले होते.

त्यानं कंपनीचं नाव सांगितलं. त्या गल्लीत येऊन जाऊन तीच एक होती. तक्रार केली की ‘दुसरी बघा’ म्हणे, आणि दुसरी होती कुठे? दुसरीची रेंज फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी यायची.

“फोन चांगला हाय,” मृणाल म्हणाली. “कंपनीबी चालू हाय. पण तिच्यावर इंटरनेट चालंल, बोलणं होणार नाई. हा फोन तिकडच्या कंपन्यांसाठी बनवला. या दोघांचं जुळत नाई.”

“पत्रिका पाहून सांगितलं का?”

“आमच्यात पत्रिका पाहत नाईत.”

“आमच्यातबी नाई,” तो हसला. “जय भीम.”

“जय भीम.” आता तिनं भिंग काढलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. पाहायला नको होतं, असं तिला लगेच वाटलं, कारण नजर परत वळेना.

दुसऱ्या कंपनीचं सिम घालून राजदीप घरी गेला. संध्याकाळी टाकीवर चढून त्यानं पहिला फोन दुकानात लावला, आवाज येतो का विचारायला. दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं. आठवडाभर आवाज तपासल्यावर मृणालनं सांगितलं की तुमचा आवाज ठणठणीत आहे, आता दुसरं काहीतरी बोला... मग तो खरोखरच बोलायला लागला. स्टील प्लांटमध्ये तो चालवायचा त्या क्रेनबद्दल, आई गिरजाबाईबद्दल. आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता, म्हणून या फोनवर बोलणं तिच्या नशिबी नव्हतं.

मृणाल ऐकत राही आणि मनातून घाबरत राही. होळीच्या आधी नागपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, माणसं चांगली, फक्त लग्नानंतर दुकान बंद करायचं. तिनं नाही म्हटलं, तेव्हा आठवडाभर घरात कोणी मोकळेपणी बोललं नव्हतं. प्लांटच्या रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांनी, आनंदरावांनी, लेकीसाठी घराची पुढची खोली फोडून हे दुकान काढून दिलं होतं. त्यावरची पाटी उतरवायची कल्पनाही तिला सोसत नव्हती. आणि आता हा जामूलवाला आवडायला लागला होता. त्यानंही तेच मागितलं तर?

विचारायचा धीर होईना. त्याऐवजी तिनं दुसरंच काढलं. जामूलच्या गल्लीत रेंज वाढवून मागायला ती स्वतः दुसऱ्या कंपनीच्या ऑफिसात गेली, तर साहेब म्हणाले, त्या भागात गिऱ्हाईक नाही, अँटेना परवडत नाही. मृणालला भयंकर राग आला. पुढच्या रविवारी ती तीन फोन आणि एक वही घेऊन जामूलला हजर.

पाच रविवार दोघं घरोघर फिरली. तिनं प्रत्येक ओट्यावर, प्रत्येक खोलीत रेंज पाहायची, राजदीपनं लिहायचं. घर कोणाचं, फोन कोणता, आवाज कुठं तुटतो, सिम बदलायची तयारी आहे का. कडक उन्हात तो छत्री तिच्यावर धरायचा आणि स्वतः भाजून निघायचा. वहीच्या कडेला त्यानं एकदा लिहिलं, ‘आज निळी ओढणी.’ तिनं वाचलं... आणि खोडलं नाही.

एकशे बेचाळीस घरांची वही साहेबांच्या टेबलावर पडली. साहेबांनी ती दोनदा चाळली आणि माप घ्यायला माणसं पाठवली. चार महिन्यांनी गल्लीच्या तोंडाशी अँटेना उभी राहिली.

त्या दुपारी दुकानात गर्दी होती. फोन वाजला.

“मृणाल, मी सैपाकघरातून बोलून राहिलो. टाकीवर नाई. शेगडीजवळ उभा हाय.”

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. एवढं सगळं आपण केलं, या अभिमानानं छाती भरून आली होती.

“ऐकून राहिली ना? मले तू पाहिजे. जन्मभर... थांब, आई फोन ओढून राहिली.”

“पोरी,” गिरजाबाईंचा आवाज आला, अगदी स्वच्छ. “तू मले पसंत हाय. पण एक विचाराचं होतं.”

मृणालनं काउंटर घट्ट धरलं. आलाच तो प्रश्न. तिनं वाटच पाहिली नाही. “आई, मी दुकान बंद करणार नाई.”

“बंद कर म्हणून कोण म्हणून राहिलं? सकाळपासून गल्लीतल्या बाया विचारून राहिल्या, हे काम कोणाच्या पोरीनं केलं. मी सांगून मोकळी झाली, माझ्या सुनेनं. आता तू मले खोटं पाडशील का, एवढंच विचाराचं होतं.”

समोर चार गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. मृणालनं ओढणीनं डोळे पुसले.

“रविवारी या, आई,” ती म्हणाली. “त्या दिवशी दुकान बंद असते.”