आण्णांच्या काळजाचं ठिगळ

आण्णा सख्ख्या लेकीच्या औषधाला नाही म्हणून बसले होते. का, तेही सांगेनात. मुक्ताच्या काही डोक्यात शिरेना.

आण्णा म्हणजे मुक्ताचे आजोबा, सोलापुरातले रफूवाले. शालीला केवढंही भोक पडू दे, ते असं विणायचे की मालकालाही जागा सापडायची नाही. पण हार्ट अटॅक आल्यापासून दुकानाची पायरी चढतानाही त्यांना धाप लागायची. शैलाआत्या, म्हणजे त्यांची मुलगी, हृदयावरच संशोधन करायची. तिच्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी होणार होती, आणि नाव द्यायला आजचाच दिवस उरला होता.

मुक्ता तडक प्रयोगशाळेत गेली. तिथं गुंडी नावाचा रोबो माशांना खाऊ घालत होता. आत्यानं तिला भिंगाखाली झेब्रामाशाचं पिल्लू दाखवलं. काचेसारखं अंग, आत इवलंसं हृदय लपलप करत होतं.

आत्या सांगू लागली. या माशाच्या हृदयाला जखम झाली, की शेजारच्या स्नायूपेशी (आकसून-सैलावून हृदय चालवणारे सूक्ष्म घटक) एकीच्या दोन होतात आणि खड्डा भरून काढतात. आईच्या पोटात आपलं हृदयही असंच वाढतं. जन्मानंतर मात्र पेशी ते काम जवळजवळ सोडून देतात. मग जखमेच्या जागी व्रण (टणक, चिवट भाग) तयार होतो. तो हृदय फाटू देत नाही, पण स्वतः धडधडतही नाही. बाकीच्या हृदयाला जास्त राबावं लागतं.

"म्हणजे ठिगळच," मुक्ता म्हणाली. "मी आण्णांना तेच सांगितलं. आत्या ठिगळ उसवून टाकणार, मग नवीन भरणार."

आत्याचा हात थांबला. "असं सांगितलंस? रफूवाल्याला?"

"व्रण आधी काढल्यास हृदय फाटेल," गुंडी म्हणाला.

"तू गप रे," मुक्ता म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. मग औषध नेमकं काय करतं, ते तिनं आत्याकडून पुन्हा नीट ऐकलं आणि पळत घर गाठलं.

आण्णा सुईत दोरा ओवत होते.

"आण्णा, मी चुकीचं सांगितलं. ठिगळ आधी काढायचंच नाही. कडेच्या पेशींना औषध थोडा वेळ जागं करतं. त्या आत विणत जातात. जेवढं विणून होईल, तेवढंच ठिगळ विरघळतं."

आण्णांनी सुई खाली ठेवली. "मला वाटलं, पोरगी एवढी शिकली आणि पहिला हात ठिगळालाच घालतेय. तिला कसं बोलू? मन मोडलं असतं तिचं."

"पण जमेलच असं नाही, असंही आत्या म्हणालीय. माशाचं जमतं. माणसाचं अजून बघायचंय."

"रफू तरी दरवेळी कुठं जमतो? म्हणून काय सुई ठेवून द्यायची?"

त्यांनी चपला घातल्या. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर ते मध्येच थांबले, छातीवर हात ठेवून श्वास घेतला. मुक्ताही थांबली.

"आधी तो मासा बघणार मी," आण्णा म्हणाले. "वीण कशी घेतो ते कळू दे."

आणि पुढची पायरी चढले.