बावीस किलोचा गोंधळ

"भैया, दोनों रॅकेट पच्चीस किलो पे. यल्ला, जल्दी! डेढ घंटे में मॅच है."

शुभ्रा पाटणकरनं बॅग टेबलावर आदळली. दुबईतल्या त्या लहानशा टेनिस स्पर्धेत रॅकेटला गट, म्हणजे जाळीची तार, ताणून घालायचं मशीन एकच, आणि त्यामागे एक सावळा, किडकिडीत तरुण. त्यानं बॅगेवरचं नाव वाचलं.

"मराठीत सांगितलंत, तर तासाभरात देईन."

तिला हसूच आलं. तो सुजीत, गाव चिपळूण, नऊ वर्षं हेच काम. ती समोरच्या स्टुलावर जी टेकली, ती उठेचना.

"जगात कितव्या तुम्ही?"

"अकराशे चाळीस. सोमवारी गेल्या वर्षीचे पॉइंट गळतात. आज हरले तर यादीतून नावच खलास. मग तिकडे अबुधाबीत, मुसफ्फाला, बाबांच्या ऑफिसात एक्सेल भरायचं."

"मग जिंका की."

"दुकानातून दूध आणा म्हटल्यासारखं सांगताय."

तो हसला… आणि घड्याळाकडे बघायचं शुभ्रा विसरूनच गेली.

ती कोर्टवर उतरली, तोच सुजीत जाळीपाशी धापा टाकत आला. तोंड पांढरंफटक.

"चूक झाली… मशीन बावीसवर होतं. दोन्ही रॅकेट सैल आहेत. आत्ताच बघितलं."

"नऊ वर्षं ना?" ती दात-ओठ खात म्हणाली. पण अंपायर बोलावत होते. दुसरी रॅकेट आणणार कुठून?

पहिला सेट एक-सहा. प्रत्येक चेंडू रेषेबाहेर उडत होता. रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. शेवटी वैतागून तिनं जोरात मारणंच सोडलं. चेंडू नुसता खालून उचलायचा, भरपूर फिरवायचा. सैल गटावरून तो उंच जाई नि नेमका रेषेच्या आत पडे. समोरची मुलगी मागे मागे पळून बेजार झाली. दुसरा सेट शुभ्राचा. तिसराही, घासून का होईना, तिचाच.

बाहेर सुजीत खाली मान घालून उभा होता.

"तक्रार करा माझी. हक्क आहे तुमचा."

"करीन. आधी सांगा, नऊ वर्षांत असं किती वेळा झालं?"

"एकदाही नाही."

"मग आजच कसं?"

"तुम्ही समोर बसला होतात…" त्याचे कान लाल झाले. "आकडा बघायचा सोडून तुमच्याकडेच बघत होतो. आवडलात हो तुम्ही मला. काय करू?"

तेवढ्यात शुभ्राचा फोन वाजला.

"बाबा, जिंकले… हो, नाव राहिलं यादीत. आईला सांगा, रात्री एकजण जेवायला येतोय." तिनं सुजीतकडे पाहिलं. "नाही, अजून विचारलं नाही त्याला. इथेच उभा आहे, ऐकतोय."

सुजीतनं घसा साफ केला.

"मासे असतील तर बरं होईल, म्हणावं."