पुढचा सोमवार

मोबाईल ठेवा बघू खाली, नाहीतर मी निजतो. भूत मी पाहिलेलं नाही. पण आमचा टेम्पोवाला थापा मारणारा माणूस नव्हे. त्याने सांगितलं तेच सांगतो.

त्यांच्या मळ्यात एक दगडी कोठार आहे, दोनेकशे वर्षांपूर्वीचं. हातभर जाड भिंती. शहरातली माणसं जुनं बांधकाम म्हणून फोटो काढायला यायची. एकदा दारातल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला व्हा." म्हातारा हसला, "अहो, या दगडांतलाच मी एक!"

तो टेम्पोवाल्याचा बाप. तिथेच राहायचा.

"दोन मुलांची दोन घरं असताना कोठारात का, काका?"

दोन घरं होती म्हणूनच, बाई. ताट कधी थोरल्याकडून जायचं, कधी धाकट्याकडून, म्हणजे आमच्या टेम्पोवाल्याकडून. पाळी सोयीने बदलायची. एका शनिवारी थोरला म्हणाला, "पुढच्या सोमवारपासून तू." त्याच्या मनात परवाचा सोमवार. धाकट्याने धरला त्याच्या पुढचा.

म्हातारा तापाने पडलेला. हाक भिंतीबाहेर जाईना. दोन्ही घरांना वाटलं, ताट तिकडून जातंय. शेवटी दार ढकललं ते फोटोवाल्यांनी.

यंदाच्या मार्चमधला शेवटचा गुरुवार. रात्रीचे साडेदहा. पहाटे माल भरायचा म्हणून धाकटा कोठारात ताडपत्री आणायला गेला. बॅटरी लावली. ताडपत्री ओढली. मागे कुणीतरी खोकलं.

ओळखीचा खोकला.

"आज कुणाची पाळी रे?"

मागे वळायची छाती होईना. तोंडून निघून गेलं, "दा... दादाची."



"बरं... थांबतो."

तो घरी पळाला. बायकोला उठवलं नाही. भात गरम केला, स्वतःच्या हाताने ताट वाढलं. बाप होता तेव्हा हे काम बायकोचं होतं. ताट नेऊन कोठाराच्या उंबऱ्यावर ठेवलं. आत... शांत.

सकाळी त्याच्या पायरीवर तेच ताट होतं, अर्धं. स्टीलचं, मधोमध कापलेलं. कड गुळगुळीत. भाताचं शीतही नाही. तो तसाच थोरल्याकडे गेला. थोरला पायरीवर बसला होता, मांडीवर दुसरं अर्धं.

"तुलाही विचारलं?" धाकटा म्हणाला.

थोरल्याने आपलं अर्धं पुढे केलं.

दोघांनी ती एकावर एक ठेवून पाहिली... वाटणीत केसाचाही फरक नव्हता.